बिनजाळाची उकळी

'पंप ऑइल बदल व सफाई – 650/-' असं एक बिल माझ्या खिशात आहे. पिशवीतली हवा ओढून तिचं तोंड सील करणारं ते व्हॅक्यूम पॅकिंगचं मशीन मी घेतलेलं नाही. पंप माझा नाही. त्या पंपात गेलेला तांबडा रस्सासुद्धा माझा नव्हता. तरी बिलावर नाव माझं आहे, आणि तेही चुकीचं लिहिलेलं.

मूळ प्रकरण थोडक्यात असं. गावाकडं चुलतभाऊ शेळ्या पाळतो. जत्रा, आखाड, कुणाचा नवस असं निमित्त निघालं की बोकड पडतं, वाटे होतात आणि आमचा वाटा पहाटेच्या गाडीनं कोल्हापुरात येतो. चार-पाच किलो मटण, खाणारी तोंडं मोजकी. उरलेलं फ्रीझरमध्ये जातं आणि महिन्याभरात त्याच्या कडा पांढुरक्या पडतात. मांसातल्या बर्फाची थेट वाफ होते, पाणी निघून जातं, मग कुकरच्या कितीही शिट्ट्या करा, चावत नाही. म्हणून आधी ते पिशवीचं तोंड चिमटीत धरून हवा ओढणारं स्वस्तातलं मशीन आणलं. काजू-बदामाला ते ठीक आहे. ओलं मटण दिलं की हवेच्या आधी तांबडं पाणी ओढतं, तोंड ओलं होतं आणि सील बसत नाही. शिवाय त्याच्या पिशव्या खरबरीत नक्षीच्याच लागतात आणि त्या महाग.

त्यापेक्षा चेंबरवालं बरं. त्यात अख्खी पिशवी पेटीत ठेवायची आणि झाकण दाबायचं. पेटीतली हवा आणि पिशवीतली हवा एकदमच जाते, आतबाहेर दाब सारखा राहतो, त्यामुळं रसाला बाहेर पळायचं कारणच उरत नाही. मग तापलेल्या तारेनं तोंड चिकटतं, बाहेरची हवा परत पेटीत शिरते आणि पिशवी मटणाला घट्ट बिलगते. पिशव्या साध्या, गुळगुळीत, किलोवर मिळणाऱ्या. एवढं मला घरबसल्या कळलं होतं. बाकीचं कळावं म्हणून शाहूपुरीतल्या एका दुकानात गेलो. बायकोनं जाताना एकच अट घातली, "तीस किलोचं धूड माझ्या ओट्यावर येणार नाही."

"काय पॅक करणार?" दुकानदारानं विचारलं.

"मटण."

"हॉटेल कुठं तुमचं?"

"हॉटेल नाही. घरी."

त्यानं हातातलं पेन खाली ठेवलं. आपल्याकडं घरगुती माणूस तीस हजारांची वस्तू घ्यायला आला की त्याच्यावर उपकार करायची पद्धत आहे. फर्मचं नाव? नाही. जीएसटी नंबर? नाही. "मग अठरा टक्के तुमच्याच अंगावर बसणार." बसू देत. वॉरंटी? दिवसाला शंभर पाकिटं मारणाऱ्या हॉटेलवाल्याला एक वर्ष. मी महिन्यातून कधीतरी दहा पाकिटं करणार, तर मला शून्य. का, तर "घरगुती लोकं मशीन नीट वापरत नाहीत." त्यातही टेफ्लॉनची पट्टी, सीलची तार, झाकणाचं रबर यातलं काही वॉरंटीत येत नाही, हे त्यानं आपणहून सांगितलं. म्हणजे जे जे खराब होतं ते सोडून बाकी सगळ्याची हमी, आणि तीसुद्धा मला नाही.

तर आबा.

काउंटरच्या टोकाला स्टुलावर सत्तरीचा एक गृहस्थ बसला होता. पांढरी टोपी, खिशात सहा इंची स्टीलची पट्टी, मांडीवर जेवणाचा डबा. तो माझ्याकडं वळला.

"पावनं, मटन पॅक करनार?"

"हो."

"का?"

मटणाच्या दरावरून 2019 साली आंदोलन करणारं हे गाव. इथं मटण महाग झालं तर लोक रस्त्यावर येतात, पण ते शिळं करून खाणाऱ्याला आपलं म्हणत नाहीत. मी वाट्याची हकिकत सांगितली. आबांनी ती नीट ऐकून घेतली.

"मग चार मानसं जेवायला बोलवायची की. मशीन कशाला?"

याला उत्तर नाही. मला तेव्हाही सुचलं नाही आणि आत्ता लिहितानाही सुचत नाहीये.

आबा उठले. चाळीस वर्षं उद्यमनगरात लेथवर काढलेला हात त्यांनी मशीनवरून फिरवला. खिशातली पट्टी काढून सीलची पट्टी मोजली. "धा इंच आन् वर दोन सूत," म्हणाले. 260 मिलिमीटर म्हणजे बरोबर तेवढेच. मग झाकण वर-खाली केलं, रबर चिमटीत धरून बघितलं, खाली वाकून पंपाची तेल दिसायची काच बघितली आणि दुकानातल्या पोराला हुकूम सोडला, "वायर लाव रं." पोरानं मुकाट्यानं लावली. मी ओळखलं, हे मालकाचे वडील असणार.

मी थर्मासच्या डब्यात गार मटण नेलं होतं. अर्धा किलो, मांडीचं, नळीसकट. पहिलं पाकीट झकास झालं. काचेसारख्या झाकणातून पिशवी आधी फुगली, मग तार तापली, फुस्स झालं आणि पिशवी मटणाला अशी चिकटली की नळीचं भोकसुद्धा दिसायला लागलं. थोड्या वेळानं मटण जांभळट पडलं. दुकानातलं पोरगं म्हणालं, खराब झालं. झालेलं नव्हतं. मांसातल्या रंगद्रव्याला हवा मिळाली नाही की ते जांभळं दिसतं, पिशवी फोडून थोडा वेळ ठेवलं की पुन्हा लाल होतं. पण हे मी सांगेपर्यंत आबांनी दुसऱ्या पाकिटात फासळ्या भरून झाकण दाबलंही होतं. त्या फासळीचं टोक पिशवीतून आरपार आलं.

"हाड भाईर आलं," आबांनी मला माहिती दिली.

हाडाला जाड पिशवी लागते, साध्या सत्तर मायक्रॉनवर भागत नाही, किंवा टोकाला जाड फडकं गुंडाळावं लागतं. शंभर मायक्रॉनची पिशवी दुकानात होती, पण पाच किलोच्या खाली द्यायची नाही म्हणाले. पाच किलो पिशव्यांत आमच्या गावचं अख्खं आखाड बसेल.

इथवर मी शांत होतो. मग दुकानदार म्हणाला, "साहेब, एकदा हवा काढली की सहा महिने बाहेर ठेवा, काय होत नाय."

"मग फ्रीज ईकून टाका!" आबा खूश झाले.

इथं मात्र मला राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. हवा काढली म्हणजे जंतू मेले असं नाही. उलट क्लोस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाचा एक जंतू नेमका हवा नसली की वाढतो, विष तयार करतो आणि पुष्कळदा त्याचा वासही येत नाही, चवही बदलत नाही. सहा महिने टिकवायचं तर पॅक केलेलं मटण उणे अठरा अंशांवरच ठेवायचं असतं. आणि हे वाक्य तो दुकानदार दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो. लाडू-चिवडावाल्याला सांगतो तोवर ठीक आहे, पण मासेवाल्यालाही सांगत असणार, खानावळवाल्यालाही. मशीनला सुरक्षेचा स्टिकर आहे, बोट चिरडतंय असं चित्र आहे, पण मटण थंड ठेवा असं कुठंही लिहिलेलं नाही. मी जरा आवाज चढवूनच म्हणालो, "कच्चं असो नाहीतर शिजवलेलं, आधी गार पाहिजे आणि नंतरही गारच पाहिजे."

एवढ्या वाक्यातून आबांनी एकच शब्द उचलला.

"शिजवलेलं बी चालतंय?"

आणि त्यांनी मांडीवरचा डबा उघडला. तांबडा रस्सा. वाफाळता. वर बोटभर कट.

"आबा, गरम नको."

"गार झाल्यावर चव जाती. गरम हाय तवर पाकीट करायचं, चव आत ऱ्हाती." रस्सा पिशवीत. "तुमी काय काम करता?"

"बँकेत होतो."

"मग ऱ्हाऊ द्या." झाकण बंद.

पुढं काय होणार हे मला माहीत होतं आणि तरी मी वाकून बघत होतो, हे कबूल करायला हरकत नाही. आपल्या भोवतालच्या हवेचा दाब साधारण हजार मिलिबार. त्या दाबाला पाणी शंभर अंशांच्या आसपास उकळतं. दाब उतरवत नेला की उकळीही खाली येते. साठ अंशांचा रस्सा दाब दोनशे मिलिबारपर्यंत उतरला की उकळायला लागतो, आणि मशीन तर त्याच्याही कितीतरी खाली जातं. काटा फिरला. पिशवीत आधी चार बुडबुडे आले. मग कट हलला. मग अख्खा रस्सा खदखदायला लागला. गॅस नाही, जाळ नाही, आणि खळाखळा उकळी.

आबांचं तोंड उघडं पडलं. "अय्याया! सिलिंडर वाचला की!"

पोरगं मोबाइल काढून शूटिंग करायला लागलं. दुकानदार आतल्या खोलीत फोनवर होता. पिशवीचं तोंड अजून चिकटलेलं नव्हतं, त्यामुळं उकळी सरळ पेटीत उतू गेली. झाकणाला आतून लाल शिंतोडे, तळात कट, आणि हवा ओढायच्या भोकातून रस्सा सुरसुर करत पंपात. मी लाल बटण दाबलं. हवा आत शिरली आणि उकळी क्षणात बसली.

आबांनी झाकण उघडून रस्स्यात बोट घातलं. मग माझ्याकडं बघितलं. मग परत बोट घातलं.

"कोमट हाय."

"उकळताना उष्णता वाफेबरोबर निघून गेली, आबा."

"पन उकळी तर आली न्हवं?"

"आली."

"मग गरम का न्हाई?"

"दाब कमी झाला म्हणून कमी तापमानाला उकळलं."

आबांनी बोट पुसलं आणि दुकानभर ऐकू जाईल असं जाहीर केलं, "उकळी येती आन् मटन शिजत न्हाई. फसवं मशीन हाय हे. घेऊ नका, पावनं."

तेवढ्यात दुकानदार बाहेर आला. त्यानं झाकण बघितलं, तळ बघितला, शेवटी पंपाची काच बघितली. मधाच्या रंगाचं तेल दुधाच्या चहासारखं झालं होतं. पाणी मिसळलं की पंपाचं तेल असंच गढूळ होतं, आणि ते तसंच ठेवलं तर पंप आतून गंजतो. हे सगळं त्यानं मला सांगितलं. मला.

"अहो, पण तुमच्या वडिलांनी..." मी म्हणालो.

"कुणाच्या वडिलांनी?"

"हे आबा."

"हे आमचे कोण नाहीत. तुमच्याबरोबर आलेत न्हवं?"

आम्ही दोघांनी आबांकडं बघितलं. आबा डब्याचं झाकण लावत होते. ते कुणाबरोबरच आलेले नव्हते. शेजारच्या गल्लीत बेअरिंग घ्यायला आले होते, ते दुकान उघडेपर्यंत पंख्याखाली टेकले होते.

मी बराच वेळ वाद घातला. रस्सा माझा नव्हता, झाकण मी दाबलं नव्हतं, 'गरम नको' हे मीच म्हणालो होतो, आणि तुमच्या पोराकडं याचं चित्रीकरण आहे. दुकानदाराचं म्हणणं एकच, "मटणाचा डेमो तुम्ही मागितला." पोरानं चित्रीकरण दाखवलं, तर त्यात फक्त रस्सा आणि काच पुसणारा माझा हात. हॉटेलवाल्याच्या डेमोत असं झालं असतं तर त्यानं तेल फुकट बदललं असतं आणि वर चहा पाजला असता, याबद्दल मला काडीची शंका नाही. मी 650 रुपये दिले. आडनाव चुकलंय म्हणालो, तर म्हणाला, "घरगुतीला काय फरक पडतोय?"

बाहेर आलो तर आबा पायरीवर उभे. "माझ्या जेवनाचं काय?"

म्हणजे मी मटणाची थाळीही घेऊन दिली. आबांनी तांबडा दोनदा मागितला, पांढरा एकदा, आणि सुक्क्यातली नळी ओढता ओढता योजना मांडली. दुकानातलं मशीन घ्यायचं नाही. उद्यमनगरात त्यांचा भाचा आहे, तो बिडाची पेटी ओतून देईल. झाकणाला गाडीची काच. पंप मात्र नवा नको, पुतण्याच्या गोठ्यात म्हशींचं दूध काढायच्या मशीनचा जुना पंप पडून आहे. सगळं मिळून चार हजार. "त्याच्यात लई ओढ हाय," आबा म्हणाले, "म्हस पाय उचलती."

मी समजावलं की दूध काढायचा पंप साधारण अर्धीच हवा काढतो, त्याहून जास्त ओढ लावली तर म्हशीचा सड दुखावेल. मटणाला तेवढं पुरत नाही, शंभरातला एखाद-दुसरा भाग उरेपर्यंत हवा काढावी लागते. आबांनी मान हलवली, ती मला पटल्यासारखी वाटली. थाळीचे पैसे देताना त्यांनी माझा नंबर मागितला आणि मी दिला. नाही कसं म्हणणार?

मशीनचं शेवटी मी दुसरीकडून ठरवलं. तेलाच्या पंपाचं, कारण घरी चार पाकिटांत पंप तापून बसला असं नको आणि तेल आपलं आपल्याला बदलता येतं. पट्टी तीनशे मिलिमीटरची, कारण मांडीचा तुकडा आडवा बसायला हवा. झाकण फुगीर, कारण बोकडाचा फरा चपटा नसतो. अठरा टक्के अंगावर. ते येईल तेव्हा जिन्याखाली राहील, ओट्यावर नाही.

परवा आबांचा फोन आला. पेटी ओतून झाली आहे, काच मिळाली आहे, पंप उद्या टेंपोनं येतोय. मी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागलो की आबा, तो पंप अर्धीच हवा काढतो.

"तुमी दुकानात किती मटन आनलं हुतं?" आबांनी विचारलं.

"अर्धा किलो."

"मग? अर्ध्या किलोला अर्धीच हवा काढायची न्हवं!"