दुपट्टा बाहेर, मास्क आत

नागपूरच्या माणसाला तोंड झाकायला सांगावं लागलं आणि न झाकल्याबद्दल दंड ठेवावा लागला, याची मला आजही गंमत वाटते. इथे होळी झाली की स्कूटीवरच्या पोरी डोळे तेवढे सोडून सगळं बांधून घेतात. दुपट्टा कपाळावरून घ्यायचा, कानामागून फिरवायचा, नाकावरून आणून मागे घट्ट खोचायचा, वर गॉगल, हातात कोपरापर्यंतचे मोजे. सख्खा भाऊ सिग्नलवर शेजारी येऊन थांबला तरी ओळखत नाही. माणसंही काही कमी नाहीत, ती शेला नाहीतर टॉवेल गुंडाळतात, वर खिशात कांदा. २३ मे २०१३ ला या गावात ४७.९ अंश नोंदले गेलेत. भर दुपारी उघड्या तोंडाने सीताबर्डीला जाणाऱ्याला इथे कोणी शूर म्हणत नाही.

मग २०२० मध्ये तीन पदरी एवढीशी पट्टी नाकावर ठेवायला आपल्याला एवढं जड का गेलं?

हे आज लिहायचं कारण, परवा आमच्या फ्लॅट स्कीमच्या ग्रुपवर एका भाऊंनी टाकलं, 'मास्क म्हणजे निव्वळ ड्रामा होता, एक टक्का फरक पडला नाही.' त्याखाली अंगठ्यांची रांग लागली. मी बँकेत काउंटरवर बसते. त्या दोन वर्षांत काचेच्या पलीकडून जेवढी तोंडं आणि जेवढे मास्क मी पाहिले, तेवढे बहुतेक डॉक्टरांनीही पाहिले नसतील. ग्रुपवर भांडत बसण्यापेक्षा इथे लिहिते.

माझं म्हणणं असं आहे की आपण मास्क चुकीच्या जागी घातला. बाहेर घातला आणि आत काढला. आणि हे आपल्याला शिकवलं ते आपल्या लाडक्या दुपट्ट्याने. दुपट्टा असतो उन्हासाठी. रस्त्यावर बांधायचा, सावलीत पोचलं की सोडायचा, 'हुश्श' करायचं, माठातलं पाणी प्यायचं. वर्षानुवर्षं हाताला हीच सवय. दार ढकललं, पंख्याचा वारा लागला की हात आपोआप मानेमागच्या गाठीकडे जातो. हीच सवय मास्कला लागली. पण ऊन बाहेर असतं. दुसऱ्याच्या श्वासातून येणारा आजार मात्र बंद खोलीत साठतो, जिथे चार माणसं तीच हवा पुन्हा पुन्हा घेत बसलेली असतात. म्हणजे जिथे नाक झाकायला हवं, नेमकं तिथेच आपण मोकळे व्हायचो.

एप्रिल २०२० मध्ये जनधन खात्यांवर बायकांचे पाचशे रुपये जमा व्हायला लागले. गर्दी नको म्हणून खाते क्रमांकाच्या शेवटच्या आकड्यावरून दिवस वाटून दिले होते, तरी सकाळपासून रांग. बाहेर फूटपाथवर चुन्याने गोल आखलेले. त्या गोलांत बायका उभ्या, उन्हात, पदर नाकावर घट्ट धरून, एकमेकींपासून चांगल्या लांब. कोणी टोकायची गरज नाही, इतकी शिस्त. आणि दार उघडून काउंटरपाशी आल्या की पहिल्यांदा पदर खाली. "मॅडम, पैसे आले का माहे?" मोकळ्या हवेत तोंड झाकलेलं. खिडक्या कायमच्या बंद केलेल्या हॉलमध्ये, काचेच्या भोकाशी, तोंड उघडं. त्यांना दोष नाही देत मी. बोलताना तोंडावर काही ठेवणं बेअदबी वाटते आपल्याकडे, आणि समोरच्याला ऐकूही जात नाही.

ऐकू जाण्याचं तर विचारूच नका. काचेची भिंत, मास्क, पलीकडे मास्क, वर पंखा. "काय म्हणून राहिले तुम्ही?" "पासबुक!" "आं?" मग दोघंही मास्क हनुवटीवर आणणार, तोंड काचेच्या भोकाजवळ नेणार आणि ओरडणार. मास्क असताना बोललो असतो त्याच्या दुप्पट थुंकी उडवून. नोटा मोजायच्या तरी तेच. काउंटरवर ओला स्पंज ठेवलेला असतो, पण ज्याची हयात अंगठा जिभेला लावून नोटा मोजण्यात गेली तो स्पंजाकडे बघतही नाही. अंगठा तोंडाशी गेला की मास्कवर आपटतो, माणूस क्षणभर थांबतो, मास्क खाली ओढतो, अंगठा ओला करतो आणि पुढे मोजायला लागतो. त्याच नोटा मग माझ्याकडे.

ज्यांचं खरंच अडलं त्यांचं कोणी बोललं नाही. ज्यांना कमी ऐकू येतं ती माणसं ओठांकडे बघून अर्धं समजून घेत असतात, हे मला त्या वर्षीच्या, पेन्शन चालू ठेवायला लागणाऱ्या हयातीच्या दाखल्यांच्या वेळी कळलं. दाखल्याची मुदत सरकारने वाढवत वाढवत फेब्रुवारी २०२१ पर्यंत नेली, त्यामुळे म्हातारी माणसं हिवाळाभर थोडी थोडी येत राहिली. एक रेल्वेतून रिटायर झालेले काका यायचे. कानात मशीन, चष्मा, मास्क, मफलर. सगळ्याच्या दोऱ्या नि काड्या एकाच कानावर. मास्क काढला की मशीन निसटून खाली. तिसऱ्या खेपेला त्यांनी घरून चिठ्ठीच लिहून आणली, काचेखालून सरकवली. मीही चिठ्ठीवरच उत्तर लिहिलं. मग आमचं तेच सुरू झालं. मोकळं तोंड करून ओरडणाऱ्या सगळ्या ग्राहकांपेक्षा त्यांचं काम लवकर व्हायचं.

आता दंड. शहरात तो आधी दोनशे रुपये होता, सप्टेंबर २०२० मध्ये पाचशे झाला. दंड कुठे व्हायचा? चौकात. सिग्नलवर. गाडीवर एकटा माणूस, आजूबाजूला सगळं मोकळं, अंगावर वारा, त्याला थांबवून पावती फाडणं सोपं. मंगल कार्यालयात, ऑफिसच्या बंद केबिनमध्ये, दुकानाच्या मागच्या खोलीत बसून चहा पिणाऱ्या आठ जणांना कोण पकडणार? दिल्लीत तर एप्रिल २०२१ मध्ये उच्च न्यायालयानेच कारमध्ये एकट्याने बसतानाही मास्क हवा असं म्हटलं होतं. शेवटी फेब्रुवारी २०२२ मध्ये दिल्ली सरकारने ती सक्ती मागे घेतली. दंडाने लोकांना एक गोष्ट पक्की शिकवली. मास्क पोलिसासाठी असतो. व्हरायटी चौक आला की वर, गेला की खाली. मी तर लोकांना बँकेबाहेर पडताना मास्क चढवताना पाहिलं आहे. पाऊण तास आमच्यासोबत उघड्या तोंडाने बसले आणि रस्त्यावर जाताना नीट नाकावर घेतला.

याला उत्तर म्हणून कोणी म्हणेल की रस्त्यावर दंड नसता तर लोकांनी मास्क विकतच घेतला नसता. असेलही. पण पाचशेच्या पावतीसोबत 'दुकानात शिरताना घाल रे बाबा' एवढं वाक्य द्यायला काही पैसे लागत नव्हते.

आणि खर्रा, म्हणजे आमच्याकडचं सुपारी-तंबाखूचं घोटलेलं मिश्रण! खर्ऱ्याशिवाय नागपूरच्या मास्कची गोष्ट पूर्ण होऊच शकत नाही. पानठेले बंद होते तेव्हाही पन्नीवर घोटलेला खर्रा कुठून कुठून मिळतच होता, किंमत तेवढी वाढली. आता खर्रा तोंडात असलेला माणूस मास्क कसा घालणार? घालतो. गाल फुगलेला, मास्कवर आतून तांबूस डाग, आणि दर थोड्या वेळाने मास्क खाली, पिचकारी, मास्क वर. आमच्या पायऱ्यांच्या कोपऱ्यात हे रोज व्हायचं. त्याला टोकलं तर म्हणणार, "मॅडम, मास्क तर घातला आहे नं."

थोडं वरच्या लोकांबद्दलही बोलते, कारण सगळा दोष आपल्या सवयींवर टाकणं सोयीचं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २८ मार्च २०२० ला ठासून सांगितलं होतं की कोविड हवेतून पसरत नाही. निरोगी माणसाला मास्कची गरज नाही, हेही तेव्हाचंच. ५ जून २०२० ला त्यांनी सामान्य लोकांसाठीही कापडी, तीन पदरी मास्क सुचवला. बंद, हवा न खेळणाऱ्या जागी हवेतूनही लागण होते हे त्यांच्या वेबसाइटवर स्पष्ट यायला एप्रिल २०२१ संपत आला. आपल्याकडे केंद्राच्या प्रमुख वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने २० मे २०२१ ला सूचना काढली की सूक्ष्म थेंब दहा मीटरपर्यंत जाऊ शकतात, खिडक्या उघडा, एक्झॉस्ट लावा. इकडे नागपुरात १५ मार्च २०२१ ला कडक लॉकडाऊन लागून गेला होता, एप्रिलमध्ये जिल्ह्यात दिवसाला सात हजारांवर रुग्ण निघून गेले होते. त्या एप्रिलबद्दल मी इथे लिहिणार नाही. ज्यांच्या घरातलं माणूस गेलं, त्यांना माझ्या पोस्टची गरज नाही. एवढंच की खिडकीचा सल्ला लाट उतरताना आला, आणि तोवर आपण किराण्याच्या पिशव्या पुसत आणि भाज्या सोड्याच्या पाण्यात बुडवत वर्ष घालवलं होतं.

मास्कचे हाल तर वेगळेच. चष्मेवाल्यांना विचारा. बाहेर उन्हात काही नाही, एसीत आलं की काच थंड, आणि नाकाच्या बाजूने वर निसटलेला गरम दमट श्वास तिच्यावर जमणार. मी चिडायचे. मग लक्षात आलं की हा धूर उपयोगाचा आहे. काच धुरकटते म्हणजे वरून फट आहे, हवा गाळून न जाता तिथूनच ये-जा करते. नाकावरची तार नीट दाबली की धूर बंद. सीताबर्डीच्या फूटपाथवर मिळणाऱ्या रंगीत मास्कला तार नव्हतीच. त्याला बाजूला प्लास्टिकचं एक गोल बटण चिकटवलेलं असायचं, व्हॉल्व्ह म्हणून. आत भोकच नाही! आणि खरा व्हॉल्व्ह असता तर आणखी वाईट, कारण त्यातून आपला श्वास न गाळता सरळ बाहेर जातो. केंद्राने जुलै २०२० मध्ये तसं पत्रच काढलं होतं. पण व्हॉल्व्हवाला म्हणजे भारीतला, अशी समजूत होती. साहेबलोक तोच घालायचे.

एन-९५ आधी मेडिकलमध्ये दीडशे-दोनशेला मिळायचे. ऑक्टोबर २०२० मध्ये राज्याने दर बांधले, १९ ते ४९ रुपये, साधा तीन पदरी तीन-चार रुपयांना. स्वस्त झाल्यावर तरी लोकांनी फेकले असतील म्हणता? आमचे सासरे एन-९५ निरम्यात भिजवून, घासून, बाल्कनीत चिमटा लावून वाळत घालायचे. त्या मास्कच्या मधल्या पदराला विजेचा भार दिलेला असतो, त्यानेच बारीक कण ओढले जातात. साबणाने धुतला की भार गेला, नुसती जाळी उरली. त्यांना हे सांगितलं तर म्हणाले, "अगं, पण स्वच्छ तर झाला." यावर सून काय बोलणार?

लग्नांचं एकच सांगते. पैठणीचे मास्क निघाले होते, वरमाईच्या शालूला शोभेलसे. पाहुण्यांची मर्यादा पन्नास, पुढे पंचवीस. आणि फोटोग्राफरचं पहिलं वाक्य, "चला, मास्क काढा, जवळ जवळ या, हसा." मिटल्या हॉलमधला सगळ्यांत धोक्याचा क्षण अल्बममध्ये पहिल्या पानावर.

कूलरवरूनही आमच्या स्कीममध्ये भांडणं झाली. कूलरने कोरोना पसरतो म्हणून एकांनी मे महिन्यात कूलर बंद ठेवला आणि एसी लावून दारं-खिडक्या गच्च लावून बसले. २०२० चा मे म्हणजे शेवटी शेवटी पारा ४७ वर. खरं तर खिडकीतला आपला वाळ्याच्या ताट्यांचा कूलर बाहेरची ताजी हवा आत ढकलतो आणि समोरची खिडकी उघडी ठेवली तर आतली बाहेर काढतो. घरातला स्प्लिट एसी तीच हवा फिरवत राहतो. वातानुकूलन अभियंत्यांच्या इश्रे या संघटनेने एप्रिल २०२० मध्येच हे सांगितलं होतं. पण मास्कवर जेवढे व्हिडिओ फिरले, त्याच्या शंभराव्या हिश्श्याने तरी खिडकीवर फिरले असतील का?

२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याला राज्यातले निर्बंध उठले, मास्क ऐच्छिक झाला. त्या दिवसापासून तो नागपुरातून जवळजवळ गायबच झाला. मी अजून पर्समध्ये ठेवते. कोणी शिंकत, खोकत काउंटरवर आलं की लावते. लोक घाबरून विचारतात, "मॅडम, पुन्हा आला का?" "नाही हो, तुमची सर्दी आली."

त्या ग्रुपवाल्या भाऊंना माझं एवढंच विचारणं आहे. तुम्ही मास्क नक्की कुठे घातला होता? तुमच्या दुकानाचा एसी हॉल मी पाहिलेला आहे, आणि ग्राहकांसोबत तुम्ही तिथे कसे बसायचे तेही.

आमच्या शाखेत कॅशच्या मागे दोन खिडक्या आहेत. एसी बसवताना त्यांना पट्ट्या ठोकल्या, त्या अजून तशाच. एकीत तरी एक्झॉस्ट फॅन लावा म्हणून मी या महिन्यात पुन्हा अर्ज दिला. साहेब म्हणाले, "खिडकी उघडली की धूळ येते, मॅडम." येते नं. पुसते मी.