बोगद्यात ओटीपी कुठून येणार?

मला वाय-फाय हवं असतं ते फोनला रेंज नसते म्हणून. आणि वाय-फाय सुरू करायला ओटीपी लागतो, जो यायला रेंज लागते. ही भुयारी मेट्रोतली सोय! ज्यांनी हे ठरवलं ते स्वतः कधी त्या गाडीत बसलेत का? डोकं फिरतं अगदी.

इंदूरहून कामासाठी ज्या शहरात मला वरचेवर जावं लागतं तिथली ही गोष्ट. शहराचं नाव राहू द्या. जिना उतरलं की फोन आपला आपण त्या नेटवर्कला चिकटतो. वर वाय-फायची खूण दिसते, शेजारी उद्गारचिन्ह. म्हणजे जोडलं गेलंय, पण इंटरनेट नाही. मग एक छोटी खिडकी उघडते: नंबर टाका, अटी मान्य करा, जाहिरातींना होकार द्या. हे सगळं करायचं आणि ओटीपीची वाट बघायची. समजा नशिबाने मेसेज आलाच, तर तो बघायला मेसेजमध्ये गेलं की माझ्या फोनवर ती खिडकीच बंद होते. परत पहिल्यापासून नंबर टाका. तोवर गाडी बोगद्यात शिरलेली असते.

एवढ्यावर भागलं असतं तर मी गप्प बसलो असतो. पण खरा संताप होतो तो बाहेर पडताना. आईला घेऊन गेलो होतो. तिकिटाचा क्यूआर अॅपमध्ये, तो गेटवर दाखवायचा. गेटपाशी मोबाइलची रेंज होती, चांगली होती. पण फोन त्या मेलेल्या वाय-फायला धरून बसलेला, स्क्रीनवर नुसतं गोल गोल फिरतंय, तिकीट उघडेना. मागे रांग, कुणीतरी पिशवीने ढकलतंय, "आगे बढो भैया" चाललंय, आणि सत्तरी उलटलेली आई घाबरून विचारतेय, "अरे, आपलं तिकीट नाही का रे?" पैसे भरून चोरासारखं उभं राहायचं? कशासाठी? वाय-फाय बंद केल्याबरोबर तिकीट उघडलं.

यात फोनचा दोष नाही. नेटवर्कला जोडल्यावर फोन एका ठरलेल्या पत्त्यावर विचारून बघतो. अँड्रॉइडला तिथून रिकामं उत्तर आलं, २०४ क्रमांकाचं, की इंटरनेट चालू. त्याऐवजी कुठलं तरी पान आलं, की लॉगिन बाकी आहे. म्हणजे 'आपोआप जोडणं' होतं ते फक्त दारापर्यंत. दार उघडणं माणसाच्याच गळ्यात. शिवाय उघड्या नेटवर्कला फोन ओळखतो तो नावावरून. तेच नाव देऊन कुणीही आपलं हॉटस्पॉट लावलं तर फोन तिथेही जाऊन जोडला जाईल. लोकांना ही सवय लावणं धोक्याचं आहे, आणि कुणी बोलत नाही.

ओटीपी कशाला, तर माणसाची ओळख पटायला. ते मला मान्य आहे. जुलै २००८ मध्ये अहमदाबादला स्फोट झाले, त्याची धमकीची ईमेल नवी मुंबईतल्या एका घराचं उघडं वाय-फाय वापरून पाठवली होती. पुढच्याच वर्षी सरकारने सार्वजनिक वाय-फायसाठी ओळख नोंदवण्याचे नियम आणले. आणायलाच हवे होते. पण अहो, सिम घेताना माझं आधार घेतलं, फोटो काढला. ते सिम फोनमध्येच आहे ना? मग त्यालाच विचारा की हा कोण!

आणि हे तंत्र काही आजचं नाही. सिमवरून वाय-फायला ओळख पटवण्याची पद्धत २००६ साली प्रसिद्ध झाली. २०१२ मध्ये पासपॉइंट आलं, ज्यात फोन नेटवर्क खरं आहे का ते तपासतो, आपली ओळख देतो आणि जोडला जातो, माणसाने खिशातून हातही काढायचा नाही. लंडनच्या भुयारी रेल्वेत त्याच वर्षी, ऑलिंपिकच्या वेळी, स्टेशनांवर वाय-फाय आलं, आणि पुढे तिथल्या मोठ्या मोबाइल कंपन्यांच्या ग्राहकांचे फोन सिमवरूनच जोडले जाऊ लागले. आपल्याकडे एवढ्या वर्षांनंतरही सहा आकडे टाका!

हे मी इंदूरकरांसाठी लिहितोय. आपली मेट्रो ३१ मे २०२५ला सुरू झाली, गांधीनगर ते सुपर कॉरिडॉर, पाच स्टेशनं, सगळी वर, उघड्यावर. तिथे रेंज असते, म्हणून हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. पण राजवाड्याकडचा मार्ग जमिनीखालून जायचाय. उद्या रामबागेतल्या, लोकमान्य नगरातल्या आजी-आजोबांनी त्या बोगद्यात चष्मा वर-खाली करत ओटीपी शोधायचा का? घराघरातून ओला-सुका कचरा वेगळा उचलणारं शहर आहे हे. इथे नीट काम होऊ शकतं, हे आपण बघितलंय. तेव्हा काम व्हायच्या आधीच कंत्राटात लिहून घ्या: सिमवरून लॉगिन, एकदा ओळखलेल्या फोनला पुन्हा विचारायचं नाही, आणि गेटपाशी तिकीट लॉगिनशिवाय उघडलंच पाहिजे. हे जमणार नसेल तर बोगद्याच्या भिंतीलगत सिग्नलची केबल टाकून मोबाइलचीच रेंज द्या, आणि फ्री वाय-फायच्या पाट्या लावू नका.