रडर म्हणजे कुबडी? काहीतरीच!

उन्हाळा लागला की वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात कयाक, म्हणजे वल्ह्यानं हाकायची लांब निमुळती नाव, घालणाऱ्या पोरांच्या मोबाईलवर एक मजकूर फिरू लागतो. सार असं: सी कयाकला, म्हणजे समुद्रात न्यायच्या लांब कयाकला, रडर, म्हणजे मागच्या टोकाचं, पायाखालच्या पेडलनं तारा ओढून फिरवायचं सुकाणू, लावणं हे कच्च्या गड्याचं लक्षण. ज्यांची मूळ कयाक, त्या आर्क्टिकमधल्या इनुइट लोकांनी असलं काही कधी वापरलं नाही. वल्हं नीट मारता आलं की वळायला रडर लागत नाही. वरून तो मोडतो, पायाचा आधार घालवतो. आणि आपल्या विदर्भात समुद्र आहेच कुठे? पवनीकडच्या एका पोरानं हे वाचून चांगला चालता रडर खोलून कोठ्यात टाकला, तेव्हा म्हटलं आता लिहावंच.

आधी वळण्याचं. रडर वळण्यासाठी असतो असं धरूनच अख्खा मजकूर लिहिलाय, आणि गाडी तिथंच घसरते. पाचेक मीटर लांबीची कयाक वळवायची तर ती कडेवर कलवून लांब अर्धगोल वल्हं मारावं. त्यात रडरपेक्षा वल्ह्याचंच काम जास्त. रडरचं खरं काम उलटं आहे: आडव्या वाऱ्यात नाव वळू न देणं. पुढं जाणाऱ्या कयाकचं पुढचं टोक न ढवळलेल्या पाण्यात घुसतं, म्हणून ते जागेवर धरलेलं राहतं. मागचं टोक ढवळलेल्या, सैल पाण्यात असतं. बाजूनं वारा आला की तेच आधी सरकतं आणि नाव तोंड वाऱ्याकडे फिरवते. इथे वैनगंगा साधारण उत्तरेकडून दक्षिणेकडे येते आणि उन्हाळी दुपारचा वारा पश्चिमेचा. म्हणजे जलाशयाच्या लांबीनं निघालात की वारा नेमका बरगडीत. आमच्याकडच्या ढिवर काकांना ही भानगड कोणी शिकवायला नको. "डोंग्याची शेपूट उडते ना बाप्पा," एवढंच ते म्हणतात. रडर खाली सोडला की त्या शेपटीला पाण्यात पकड मिळते. बस.

"पण हे वल्ह्यानंही सांभाळता येतं." येतं ना, कोण नाही म्हणतं? वाऱ्याच्या बाजूनं दर वेळी जोराचं वल्हं मारत राहायचं. तासभर ठीक आहे. दिवसभर मारलं की एका खांद्याचा भुगा होतो, आणि जी ताकद पुढं जायला लागायची ती नाव सरळ करण्यात जाते. रडर पाण्याला थोडा अडतो हे खरं, पण त्यापेक्षा हा खर्च मोठा. न्यूझीलंडचा पॉल कॅफिन १९८२ मध्ये कयाकनं अख्ख्या ऑस्ट्रेलियाला फेरी मारून आला. रडरची बाजू तो हिरिरीनं मांडत आलाय. त्याला कच्चा गडी म्हणून पाहा बरं.

इनुइटांचा दाखला तर अर्धाच दिलाय. त्यांची कयाक ज्याची त्याच्या अंगमापाची, अरुंद आणि पाण्यालगत. वाऱ्याला धरायला तिच्यात फारसं काही नसायचंच. दुकानातून आणलेल्या रुंद, उंच काठाच्या नावेला तो नियम कसा लागेल? त्यातही ग्रीनलँडमध्ये बंदुकीनं शिकार सुरू झाल्यावर शिकारी मागच्या टोकाखाली काढता-घालता येणारी फळी बांधू लागले, कारण बंदूक हातात घेतली की वल्ह्यानं दिशा धरता येत नाही. रडरला नाक मुरडण्याची खरी सवय पुष्कळशी ब्रिटिश पॅडलरांची. त्यांना स्केग आवडतो: तळातून खाली सरकणारं, न फिरणारं पातं. आवडो बापडा. किनाऱ्यावरचा एक बारीक गोटा त्याच्या खाचेत अडकला की तोही जाम.

मोडण्याचा मुद्दा बरोबर आहे. तार तुटते, म्हणून जादा तार आणि पक्कड सोबत ठेवावी, आणि रडरशिवाय नाव हाकता यायलाच हवी. काठाला लागताना, फुटत्या लाटांत शिरताना तो वर घ्यायचा. मागून मोठी लाट आली की मागचं टोक हवेत जातं आणि रडरही. तेव्हा वल्हंच कामाला येतं.

पायाच्या आधाराबद्दल मात्र मजकूरवाला चुकलेला नाही. जुन्या पद्धतीत पायाखालचं पेडल अख्खंच पुढं-मागं सरकतं. नाव कलवायला गुडघा वर दाबावा तर तळव्याला टेकायला घट्ट काही नसतं, अन् हे धोक्याचं आहे. नव्या जोडणीत खालची पट्टी पक्की असते, फक्त वरचा भाग बोटांनी दाबायचा. जुनी कयाक घेणार असाल तर पैसे मोजण्याआधी आत बसून हेच दाबून बघा.

राहिला "समुद्र नाही"चा मुद्दा. वाऱ्याला ते माहीत नसतं. मोकळ्या पाण्यावर दुपारी आखूड, उभ्या लाटा उठतात आणि वावधान सुटलं तर विचारूच नका. इथली खरी अडचण वेगळीच, आणि ती त्या मजकुरात नाहीच: ढिवरांची जाळी. जाळ्याला बांधलेले थर्माकोलचे तुकडे रांगेनं दिसले की रडर आधी वर घ्यावा. पातं जाळ्यात गुंतलं तर जाळं फाटतं आणि कोणाच्या तरी रोजीवर घाला पडतो. इकॉर्नियाच्या, म्हणजे जलपर्णीच्या, तरंगत्या थरातही तेच करावं, नाहीतर पात्याला वेली गुंडाळून नाव ओढत बसाल. पवनीच्या त्या पोराला एवढंच सांगितलंय: रडर परत लाव, पण वर ओढायची दोरी बसल्या जागी हाताला येईल अशी बांध.