व्हॅन डाइक पार्क्स आणि भाराभर चिंध्या : एका प्रतिक्रियेला उत्तर

पार्क्सवरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा निम्मी पटली. बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो : अमेरिकन संगीतकार व्हॅन डाइक पार्क्स म्हणजे ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’. लहानपणी नट, मग गीतकार, मग अरेंजर (गाण्याची वाद्यरचना करणारा), मध्येच रेकॉर्ड कंपनीत नोकरी. आणि अरेंजर म्हणजे शेवटी ‘दुसऱ्याच्या गाण्याला इस्त्री करणारा’.

आधी माझी चूक. ‘साँग सायकल’ हा त्याचा १९६७चा अल्बम कंपनीने दाबला, असं मी लिहिलं होतं. तसं नाही. वॉर्नर ब्रदर्सने त्यावर पाण्यासारखा पैसा ओतला होता. खपेना, तेव्हा ‘वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमवर आम्ही ३५,५०९ डॉलर कसे घालवले’ अशा अर्थाची जाहिरातच त्यांनी छापली. पुढे आणखी एक : झिजलेली तबकडी परत पाठवा, एका सेंटात दोन नव्या घ्या, एक मित्राला द्या. पार्क्सला हा विनोद अजिबात रुचला नाही. मला मात्र अजून हसू येतं.

बीच बॉइज या अमेरिकन बँडचा ‘स्माइल’ हा अल्बम पार्क्सच्या दुर्बोध शब्दांनी बुडाला, हे तुमचं म्हणणं मात्र मान्य नाही. मक्याच्या शेतावरच्या कावळ्याची ओळ आहे ना, तिचा अर्थ बीच बॉइजच्या माइक लव्हने विचारला आणि पार्क्सला तो सांगता आला नाही, हा किस्सा खरा. पण तेव्हा बँडचा संगीतकार ब्रायन विल्सनची मनःस्थिती ढासळत होती, कॅपिटल रेकॉर्ड्सशी कोर्टकज्जा चालू होता. सगळं खापर एका कावळ्यावर? २००४मध्ये विल्सनने लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये ‘स्माइल’ अखेर पूर्ण सादर केला. शब्द बहुतेक तेच, राहिलेल्या जागा पार्क्सनेच भरलेल्या.

आता इस्त्री. डिस्नेच्या ‘जंगल बुक’मधलं बल्लू अस्वलाचं गाणं तुम्हीही गुणगुणला असाल. गाणं टेरी गिल्किसनचं, अरेंजमेंट विशीतल्या पार्क्सची. १९७२च्या ‘डिस्कव्हर अमेरिका’त तर त्याने त्रिनिदादची जुनी कॅलिप्सो गाणीच घेतली. रूझवेल्ट त्रिनिदादला आला त्यावरचंही एक आहे. बेटावरून अमेरिका कशी दिसते, हे दाखवायला त्याला स्वतःची गाणी लागली नाहीत. आपल्याकडे हिंदी सिनेसंगीतातले अरेंजर सेबॅस्टियन डिसोझांचं नाव किती जणांना ठाऊक असतं? व्हायोलिनं मात्र सगळ्यांच्या कानात असतात.

पण मला खरं बोलायचंय ते गायिका आणि हार्पवादक जोआना न्यूसमच्या ‘ईस’ या अल्बमबद्दल (२००६). पाच गाणी, एक तर जवळपास सतरा मिनिटांचं. न्यूसमचा आवाज आणि हार्प आधी ध्वनिमुद्रित झाले, ऑर्केस्ट्रा पार्क्सने नंतर लिहिला. म्हणजे पंचाईत बघा : गाणारी मनाला येईल तिथे थांबणार, मनाला येईल तिथे पळणार, आणि वादकांनी तिचा श्वास ओळखून तिच्या मागून जायचं. ‘एमिली’त ऐका. तारवाद्यं तिची चाल गिरवत बसत नाहीत. न्यूसम एखादा शब्द टाकते आणि तारवाद्यं कुठूनतरी बाजूने येतात, तिचं वाक्य संपायच्या आत निघूनही जातात. एवढ्या शब्दबंबाळ गाण्यात कुठे गप्प बसायचं, हे कळायला स्वतः गीतकार असावं लागतं. रेकॉर्ड कंपनी, कॅलिप्सो, बीच बॉइज, तुम्ही मोजलेल्या सगळ्या चिंध्या मला तिथे कामी आलेल्या दिसतात.

तरीही पटत नसेल तर तिसऱ्या गाण्यापर्यंत थांबा. त्यात ऑर्केस्ट्रा नाहीच, फक्त हार्प आणि गळा. ते संपून चौथं लागलं की काय बदललं ते सांगा. आणि कृपा करून फोनच्या स्पीकरवर ऐकू नका.