‘एसयू’पुढचा डॅश शोभेचा नाही

लातूर-नांदेडकडे लिनक्स ही संगणकप्रणाली शिकणाऱ्या मुलांच्या मोबाइलवर सध्या खाते बदलण्याच्या एसयू (su) या कमांडबद्दल एक संदेश फिरतो आहे : ‘एसयू म्हणजे सुपरयुजर, तिच्यापुढे डॅश दिला काय, न दिला काय, सारखेच, आणि सुडो हे तिचेच नवे रूप.’

पहिले विधान अगदीच निराधार नाही. लिनक्सची पूर्वज असलेल्या युनिक्सच्या १९७१ च्या पहिल्या आवृत्तीत ही कमांड खरोखरच विशेषाधिकारी होण्यासाठी होती. परंतु १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या मॅन्युअलमध्ये तिचे काम ‘तात्पुरती दुसऱ्या वापरकर्त्याची ओळख घेणे’ असे नोंदलेले आहे. नाव न दिल्यास ती रूट (सर्वाधिकारी खाते) गृहीत धरते, एवढ्यावरच हा समज तगून आहे.

डॅशबद्दलचे विधान मात्र नुकसान करणारे आहे. नुसत्या एसयूने ओळख बदलते, पण चालू डिरेक्टरी आणि बहुतेक एन्व्हायर्नमेंट (खात्याच्या कामकाजाच्या सेटिंग) जुन्याच खात्याचे राहते. डॅश दिल्यावर त्या वापरकर्त्याने स्वतः लॉगिन केल्याप्रमाणे त्याची होम डिरेक्टरी, त्याचा पाथ (कमांड ज्या डिरेक्टरींत शोधल्या जातात त्यांची यादी) आणि त्याच्या प्रोफाइल फाइल लागू होतात. २०१९ च्या डेबियन १० या लिनक्सच्या प्रकारात एसयूचा प्रोग्रॅमच बदलला, तेव्हापासून तेथे नुसत्या एसयूने रूट झाल्यास पाथ जुनाच राहतो, आणि सामान्य वापरकर्त्याच्या पाथमध्ये एसबिन ही प्रशासकीय कमांडची डिरेक्टरी नसल्यामुळे नवे खाते उघडणाऱ्या ‘युजरॲड’सारखी कमांड ‘सापडत नाही’. माझ्या एका विद्यार्थ्याने एवढ्यापायी अख्खे डेबियन पुन्हा बसवले (आणि दुसऱ्यांदाही तेच उत्तर मिळाल्यावर मला फोन केला). याहून गंभीर बाब अशी की, त्या जुन्या पाथच्या आरंभी वापरकर्त्याची स्वतःची डिरेक्टरी असेल आणि तिच्यात कोणी ‘एलएस’ (फाइलींची यादी दाखवणारी नेहमीची कमांड) या नावाची बनावट फाइल ठेवली असेल, तर ती रूटच्या अधिकाराने चालते.

राहिला सुडो (sudo), म्हणजे एखादी कमांड दुसऱ्याच्या, सहसा रूटच्या, अधिकाराने चालवणारा प्रोग्रॅम. तो १९८० च्या सुमारास बफेलो येथील विद्यापीठात बॉब कॉगशॉल आणि क्लिफ स्पेन्सर यांनी एसयूपासून वेगळा प्रोग्रॅम म्हणून लिहिला. एसयू ज्या खात्यात जायचे त्याचा पासवर्ड मागते. सुडो सहसा आपलाच मागतो आणि कोणी कोणती कमांड चालवावी हे सुडोअर्स या परवानग्यांच्या फाइलवरून ठरवतो. दोन्ही एकच असते, तर उबुंटू या लिनक्सच्या प्रकारावर सुडो चालत असताना एसयूने नकार दिला नसता. तेथे रूटचा पासवर्ड मुळात बंद ठेवलेला असतो, त्यामुळे कोणताही पासवर्ड टाकला तरी तो जुळत नाही.