रूळ गेले तरी वाट राहू द्या

दिवाळीच्या फोनवर दारव्ह्याचा माझा मामेभाऊ जे बोलला, ते अजून माझ्या मनातून जात नाही. विदर्भातल्या यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर या शकुंतला रेल्वेच्या बंद पडलेल्या मार्गावर पायी आणि सायकलने जाण्याची वाट करावी, तिची जुनी स्टेशने जपावीत, एवढेच मी सुचवले होते. त्यावर तो म्हणाला, ‘‘ताई, तुम्ही लोक तिकडे सुट्टीत सायकली फिरवता, म्हणून आम्ही आमची गाडी पुरायची का? आम्हाला ब्रॉडगेज पाहिजे.’’ मला राग आला तो ‘पुरायची’ या शब्दाचा.

मी न्यूझीलंडमध्ये ड्युनेडिनला राहते. दरवर्षी लेबर वीकएंडला, म्हणजे कामगार दिनाच्या जोडसुट्टीत, आम्ही यूटमध्ये (मागे उघडा हौदा असलेल्या गाडीत) सायकली टाकून क्लाइडला जातो आणि तिथून मिडलमार्चच्या दिशेने निघतो. ही वाट म्हणजे जुन्या ओटागो सेंट्रल रेल्वेचा मार्ग. त्या रेल्वेचे काम १८७९ मध्ये सुरू झाले, १९०७ मध्ये ती क्लाइडला आणि १९२१ मध्ये क्रॉमवेलला पोहोचली. क्लाइडच्या धरणाचे साहित्य वाहून झाल्यावर १९९० मध्ये तिचा उपयोग संपला आणि रूळ उखडले गेले. १९९३ मध्ये डॉकने, म्हणजे तिथल्या सरकारच्या संवर्धन खात्याने, ती जमीन ताब्यात घेतली आणि २००० मध्ये १५२ किलोमीटरची वाट पूर्ण झाली. तेव्हा तिथल्या मेंढपाळ शेतकऱ्यांनीही माझ्या भावासारखाच विरोध केला होता. आज त्याच भागातल्या घरांत प्रवासी मुक्कामाला असतात आणि ओमाकाऊच्या पबात संध्याकाळी जागा मिळत नाही.

पूलबर्नच्या घळीतल्या बोगद्यात सायकलवरून उतरावे लागते. विजेरीच्या उजेडात ओलसर भिंती दिसतात, खडीवर आपल्याच पावलांचा आवाज येतो आणि बाहेर पडताच खोल दरीवरचा पूल समोर येतो. वाटेत गँगमनच्या लहानशा पत्र्याच्या खोल्या जपून ठेवल्या आहेत, त्यांत त्या मार्गाची माहिती लावलेली आहे. तिथे उभी राहिले की दरवेळी मला मूर्तिजापूर आठवते.

आई आम्हाला तिथूनच शकुंतलेत बसवून दारव्ह्याला आजोळी नेत असे. गार्डच तिकिटे देई. गाडी इतकी हळू चाले की पऱ्हाटीची बोंडे मोजावीत. ७६२ मिलिमीटर रुंदीचा हा मार्ग वऱ्हाडचा कापूस मुंबईकडे आणि तिथून मँचेस्टरकडे जावा म्हणून एका इंग्रज कंपनीने घातला. तिचे वाफेचे इंजिनही १९२१ मध्ये मँचेस्टरलाच घडलेले होते आणि ते १९९४ पर्यंत धावले. स्वातंत्र्यानंतरही मालकी खासगी कंपनीचीच राहिली. आमच्या कापसाचा, आमच्या मजुरांच्या घामाचा एवढा इतिहास ज्या मातीच्या भरावावर उभा आहे, तो सांगणारा एक फलकही आपण लावू नये का?

भावाचा मुख्य मुद्दा मी टाळणार नाही. शकुंतलेचे भाडे एसटीपेक्षा कितीतरी कमी होते आणि ती बंद झाल्याची झळ गरिबांनाच बसली. ओटागोत कोणी शेतमजूर त्या गाडीसाठी ताटकळत उभा नव्हता, ही गोष्ट मी फोनवर सांगितली नाही, कारण ती माझ्या बाजूची नव्हती. परंतु वर्धा–यवतमाळ–नांदेड ब्रॉडगेजचे काम सुरू आहे आणि ती दारव्ह्यावरूनच जाणार आहे. कारंजा, दर्यापूर, अंजनगाव यांनी गाडी मागत राहावे, तो त्यांचा हक्कच आहे. मात्र जोवर गाडी येत नाही, तोवर सुमारे १९० किलोमीटरची ती पट्टी कोणाच्या भरवशावर सोडायची? इथे न्यूझीलंडमध्ये सरकारने ओटागोची पट्टी सलग ठेवली, हेच मला महत्त्वाचे वाटते. पट्टी सलग असेल, तर उद्या तिच्यावर पुन्हा रूळ टाकता येतात. तिच्यात घरे, टपऱ्या आणि कुंपणे शिरली, की सायकलही जात नाही आणि ब्रॉडगेजही येत नाही. लोकांची ये-जा असलेली वाट गिळणे अवघड असते. भावाला मी हे तीनदा सांगितले आणि तिन्ही वेळा त्याने ‘‘तुमच्याकडे सरकार ऐकते’’ एवढेच उत्तर दिले. ‘तुमच्याकडे’ हा शब्दही मला लागला.

मामा गेल्यावर आजोळचे घर विकले गेले आणि भाऊ नव्या वसाहतीत राहायला गेला. त्या घराच्या व्यवहारात माझी सही होती आणि मी ती इथूनच पाठवली होती. मागच्या खेपेला गेले तेव्हा मी सामान त्याच्याकडे ठेवून आधी स्टेशनवर गेले. फलाटावर बाभळी वाढल्या होत्या, तरी पाटीवरचे गावाचे नाव वाचता येत होते. ब्रॉडगेज हवी की वाट हवी, या वादात मी माझ्यापुरते काय मागत होते, हे भावाला त्या फोनवर सांगायला हवे होते. ती पट्टी मध्येच तुटली, तर कारंज्याहून दारव्ह्याला मी कोणत्या ओळखीने यावे, हे त्याला विचारायचे राहूनच गेले.