तीस-तीन

मी मराठीत एम.ए. आहे. हे मी आपणहून कुणाला सांगत नाही, कारण पुढचा प्रश्न ठरलेला असतो : "अरे वा! मग करता काय?" ऑनलाइन फराळ विकणाऱ्या एका कंपनीत नोकरी करतो. चकलीच्या पाकिटावर 'खमंग' छापायचं की 'खुसखुशीत', हे माझ्या हातात. बाकी सगळं डेटा ठरवतो.

दर सोमवारी साडेदहाला रिव्ह्यू असतो. भिंतीवर डॅशबोर्ड. आकडे हिरवे असले की चहाबरोबर बिस्किटं येतात, लाल असले की नुसता चहा. 24 जुलै 2023 च्या सोमवारी चहाही आला नाही.

"फ्रॉड आहे सर," डेटावाला म्हणाला. मुलगा हुशार आणि पुण्याचाच. "मागच्या मंगळवारपासून अनारशांच्या ऑर्डरी धो धो येतायत. आणि जवळपास प्रत्येक ऑर्डरमध्ये नग 33. बत्तीस नाहीत, चौतीस नाहीत. शिवाय पैसे भरणारा एका आडनावाचा, माल जाणार दुसऱ्याच आडनावाच्या घरी. माणसं अशी खरेदी करत नाहीत. हे बॉटचं काम." सिस्टीमने सगळ्या ऑर्डरी रोखून धरल्या होत्या. सरांनी टाळ्या वाजवल्या, म्हणून आम्हीही वाजवल्या.

मी हात वर केला. मीटिंगमध्ये हात वर करून बोलणारा मी एकटाच, शाळेतली खोड.

"सर, अधिक महिना लागलाय."

"अधिक? कुणी मंजूर केला?"

मग मी उभा राहून सांगायला लागलो. चांद्र वर्ष 354 दिवसांचं, सौर वर्ष 365 चं. दरवर्षी अकरा दिवसांची उधारी राहते. ती साठत साठत साधारण साडेबत्तीस महिन्यांनी एक अख्खा महिना घालून फेडायची. तोच धोंड्याचा महिना. या महिन्यात लेक-जावयाला जेवायला बोलावून तीस-तीन अनारशांचं वाण द्यायचं. सासऱ्याचं आडनाव आणि जावयाचं आडनाव वेगळं असतं, याला आपल्याकडे फ्रॉड नाही, लग्न म्हणतात. (एम.ए.ला लोकसाहित्याच्या पेपरात मला 41 मार्क होते. इतक्या वर्षांनी त्यांच्यावर पहिल्यांदा व्याज सुटत होतं.)

"पण अनारसेच का?" सर.

"जाळीदार पदार्थ लागतो. बत्तासे, म्हैसूरपाकही चालतात."

डेटावाल्याने म्हैसूरपाक उघडला. तिथेही 33. त्याचा चेहरा पडला, पण मुलगा चिवट. "तुमचा सोर्स काय?" त्याने विचारलं. आता याला काय दाखवू, आजी? सिस्टीमचं सगळं शिक्षण 2021 आणि 2022 च्या विक्रीवर झालेलं. त्या दोन्ही वर्षांत अधिक महिना नव्हताच, तर तिला तरी कोण सांगणार! शेवटी त्याने स्वतःच्याच आईला फोन लावला, स्पीकरवर.

"आई, अधिकात जावयाला किती अनारसे देतात गं?"

"तीस-तीन. का रे? कुठे जमवलंस का काही?"

त्या दिवसातलं ते एकच उत्तर कुणी पडताळून पाहिलं नाही. तेवढ्यात माझाही फोन थरथरला. सासरे.

"जावईबापू, तुमची घरची कंपनी म्हणून तुमच्याच इथे ऑर्डर दिली हो. आता तिकडून मेसेज आलाय, 'आपला व्यवहार संशयास्पद आहे.' हिने सकाळपासून अन्नाला हात लावलेला नाही."

ऑर्डरी दुपारी सुटल्या. माझं वाण दोन दिवस उशिरा पोचलं, त्यातले चार अनारसे फुटलेले. सासूबाई अजूनही तो विषय माझ्या देखत काढत नाहीत, मी स्वयंपाकघरात गेलो की काढतात.

माझ्या बोलण्याचा मान राखून सरांनी तो सगळा महिना सिस्टीमला शिकवायला लावला. सिस्टीम मन लावून शिकली. जुलै 2024 उजाडला तेव्हा तिने भरमसाट अनारसे तळून तयार ठेवायला सांगितले. दर तीन वर्षांनी येणाऱ्या पाहुण्यासाठी दरवर्षी पाट मांडावा, तसं झालं. गिऱ्हाईक एक फिरकलं नाही. पुढचे कितीतरी सोमवार, डॅशबोर्ड लाल असूनही, चहाबरोबर अनारसे येत होते.

सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर बशी होतीच.

"पुढचा अधिक कधी?"

"17 मे ते 15 जून 2026, सर. अधिक ज्येष्ठ."

त्यांनी ते लिहून घेतलं, अनारशाचा तुकडा मोडला आणि बराच वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले.

"दरवर्षी नाही का ठेवता येणार? पंचांगाचं कोण बघतं? त्यांना एक मेल टाक ना."